‘इतर’ रकान्यातली माणसं

लोकांना साबणाबद्दल प्रश्न विचारणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. साबण, दूध पावडर, शाम्पू, डायपर, चहा. कोणता वापरता, का वापरता, मागच्या वेळी कुठून आणलात, संपला की पुन्हा तोच आणाल का? अबुधाबीतल्या एका मार्केट रिसर्च कंपनीत नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं मी हेच केलं. माझं शिक्षण खरं तर लोकसंख्याशास्त्राचं. म्हणजे माणसं किती, कुठल्या वयाची, कुठून आली, कुठे चालली याचा अभ्यास. नवऱ्याला तिकडे नोकरी लागली म्हणून मी मुंबई सोडली तेव्हा या शिक्षणाला आखातात नोकरी नव्हती. साबणाला होती.

पण शिकलेलं फुकट गेलं असं नाही म्हणणार. कुठल्याही देशाची लोकसंख्या बदलते ती जन्मानं आणि मरणानं, असं आम्हाला पुस्तकात शिकवलं होतं. तिथे ती बदलायची विमानानं. माणूस यायचा तो विशी-तिशीत, धडधाकट, आणि व्हिसा संपला की जायचा. म्हातारे जवळजवळ नाहीतच. गावात चार मुलं असलेला, डोक्यावर पांढरे केस आलेला पुरुषसुद्धा तिथे ‘बॅचलर’, कारण कुटुंब सोबत नाही. अशा ठिकाणी कोण राहतं हे कळायला साबण हेही वाईट साधन नाही. एका खोलीत दर महिन्याला किती वड्या लागतात यावरून त्या खोलीत किती जण झोपतात ते मी ओळखायला लागले होते.

तेव्हा एक दिवस पास्टर वर्गीस आमच्या ऑफिसात आले.

साठीकडे झुकलेले, अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, हातात छत्री. पावसासाठी नव्हे, उन्हासाठी. शहरातल्या एका मोठ्या चर्चचे ते प्रमुख. तिथल्या राज्यकर्त्यांनी दिलेल्या जागेवर ते चर्च उभं होतं आणि त्या एका आवारात दिवसभर निरनिराळ्या भाषांच्या उपासना चालायच्या. मल्याळम, तमिळ, इंग्रजी, अरबी, उर्दू, फिलिपिनो लोकांची टागालोग. एक मंडळी बाहेर पडली की दुसरी आत. आणि हे सगळं शुक्रवारी, कारण सुट्टी शुक्रवारची. रविवार आमच्यासारखाच त्यांनाही कामाचा वार.

“आमच्या कमिटीला आवारात एक हॉल बांधायचा आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “कुटुंबं किती, मुलं किती, पुढच्या काही वर्षांत किती होतील, हे तुम्ही शोधून द्याल का?”

मी म्हटलं, देऊ. हे काम मला येत होतं, आणि साबण सोडून दुसरं काही करायला मिळणार म्हणून आनंदही झाला. पण पास्टर उठले नाहीत. चहाचा कप हातात फिरवत बसले.

“मॅडम, एक और बात,” ते एकदम हिंदीत म्हणाले. मल्याळी माणूस मनातलं बोलायला लागला की हिंदीत का जातो कोण जाणे, कदाचित परक्या माणसाशी बोलायला ती मधली जागा बरी वाटत असेल. त्यांनी सांगितलं ते असं. काही महिन्यांपूर्वी त्यांना शवागारातून फोन आला होता. शहराबाहेर मुसफ्फात काम करणारा एक माणूस झोपेत गेला होता. त्याच्या गळ्यात क्रूस होता. हा तुमचा आहे का, बघून जा, असं त्यांना सांगण्यात आलं. पास्टर गेले. चादर बाजूला केली.

“मैं हर फ्रायडे दरवाज़े पे खड़ा रहता हूँ. सबसे हाथ मिलाता हूँ. इसको मैंने कभी देखा नहीं था. मुर्दाघर का आदमी मुझसे पूछ रहा है, आपका है क्या? और मुझे बोलना पड़ा, मालूम नहीं.”

चहा तसाच ठेवून ते गेले.

आमचे साहेब नबील. लेबनानी, बोलायला गोड, धंद्यात पक्के. त्यांनी चर्चच्या कामाचा कागद वाचला आणि खुर्ची मागे ढकलली. “हबीबती, करा. पण भिंतीच्या आत. त्यांच्या आवारात, त्यांच्याच लोकांना, त्यांच्या परवानगीनं. भिंतीच्या बाहेर कुणाला धर्म विचारायचा नाही. भिंतीच्या बाहेर फक्त साबण.”

ते बरोबरच होतं. त्या देशात प्रत्येकाला आपापली प्रार्थना करायची मोकळीक होती, पण दारोदार जाऊन धर्म विचारत फिरणं हा वेगळाच प्रकार झाला असता. मग आम्ही भिंतीच्या आत काम सुरू केलं.

प्रश्नावली म्हणजे काय विचारायचं याची यादी असं लोकांना वाटतं. खरी कसरत असते ती काय विचारायचं नाही हे ठरवण्याची. मी नाव काढून टाकलं. कंपनी काढली. पगार काढला. व्हिसाबद्दल एक अक्षर ठेवलं नाही, कारण कागद पूर्ण नसलेला माणूस पुढच्या शुक्रवारी चर्चला यायचाच बंद झाला असता. उरलं ते एवढंच: राहता कुठे, सोबत कोण राहतं, येता कसे, किती वेळा येता, कोणत्या भाषेत प्रार्थना करता. भाषांची नावं कमिटीनं दिली. ज्या भाषांत उपासना होत होत्या त्या वर, आणि सगळ्यात खाली ‘इतर’.

सगळ्यांना विचारणं शक्य नसतं. थोड्यांनाच विचारायचं, पण ते थोडे कोण हे आपल्या आवडीनं निवडायचं नाही, नाहीतर आपण हसतमुख माणसंच पकडतो. म्हणून दारातून बाहेर पडणाऱ्यांपैकी ठरावीक अंतरानं येणारा माणूस थांबवायचा, मग तो रागीट दिसो की घाईत असो. अडचण दुसरीच होती. जे येतच नाहीत ते दारातून बाहेर कसे पडणार? आणि पास्टरना हवे होते नेमके तेच. यावर मी एक साधा उपाय काढला. येणाऱ्याला त्याच्या खोलीतल्यांबद्दल, मालकाच्या घरातल्या इतर नोकरांबद्दल विचारायचं. नावं नकोत. तुमच्यासोबत आणखी कुणी प्रार्थना करणारं आहे का? ते का येत नाहीत?

या कामासाठी चर्चनं काही स्वयंसेवक दिले. त्यातली एक रूथ. एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. तिशीची असेल. पहिल्याच शुक्रवारी मी कुणाशी तरी फोनवर मराठीत बोलत होते, ते ऐकून ती जवळ आली. “ताई, तुम्ही कुठल्या?” मी म्हटलं, मूळची पुण्याची. ती मिरजेची निघाली. त्यानंतर फाटकाजवळच्या सावलीत टेबल मांडून आम्ही दोघी बसायचो आणि अखंड मराठीत बोलायचो. बसचे मार्ग, कांदेपोह्यांसाठी चांगले पोहे कुठे मिळतात, हॉस्पिटलातली डॉक्टर मंडळी. समोर माणूस आला की मात्र ती एकदम खालच्या आवाजात, शांतपणे प्रश्न विचारायची. आजाऱ्यांशी बोलून बोलून आलेला आवाज. त्या आवाजापुढे लोक खरं बोलायचे.

एक बाई मला अजून आठवते. करुणा तिचं नाव, म्हणजे तिनंच सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं. आंध्रातली. खलिफा सिटीत एका व्हिलात घरकामाला होती. तेव्हा खलिफा सिटीत घरांपेक्षा वाळूच जास्त होती, नवे व्हिला लांब लांब उभे. मालकीण शहरात कुणाकडे आली होती आणि ड्रायव्हरनं उपकार म्हणून करुणाला थोडा वेळ चर्चपाशी सोडलं होतं.

“कितनी बार आती हो?” रूथनं विचारलं.

“आज आया. पहले कभी नहीं.”

“कौन सी भाषा में प्रार्थना करती हो?”

तिला प्रश्न कळला नाही असं वाटलं. रूथनं पुन्हा विचारला. तेव्हा ती म्हणाली, “मन में करती. आवाज़ नहीं करती. आवाज़ किया तो बच्चा उठ जाता.”

रूथनं पेन तसंच धरलं होतं. मग तिनं ‘तेलुगू’ लिहिलं. तोवर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला होता आणि करुणा पळत गेली होती.

काम संपत आलं तसं चित्र दिसायला लागलं. कुटुंबं होती, पण ती सगळी आधीपासूनच येत होती. शहरात राहणारी, गाडी असलेली, मुलांना घेऊन वेळेवर पोचणारी. त्यांना हॉल हवाच होता, मुलांचे वर्ग खरोखर दाटीवाटीनं चालायचे. पण मुसफ्फाहून येणाऱ्या प्रत्येक माणसामागे त्याच्या कॅम्पात चर्चला न येणारे कितीतरी होते. मुसफ्फा म्हणजे शहराबाहेरचा कारखान्यांचा भाग. वर्कशॉप, फॅब्रिकेशनची यार्डं आणि त्यांच्यामागे कामगारांचे कॅम्प. तिथले लोक देवाला विसरले म्हणून येत नव्हते असं नव्हे. गाडी नव्हती, टॅक्सी परवडत नव्हती. शुक्रवारीही दुपारपर्यंत ड्यूटी असायची आणि उपासना सकाळी. काहींना तिथे चालणारी एकही भाषा येत नव्हती.

या शेवटच्या लोकांसाठी होता तो ‘इतर’चा रकाना. एका संध्याकाळी माझ्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून आम्ही त्यात कोणकोणत्या भाषा आहेत ते बघत होतो. रूथ वाचायची, मी लिहायची. तेलुगू. सिंहली. अम्हारिक, म्हणजे इथियोपियातली भाषा. पुन्हा तेलुगू. मग ती थांबली.

“काय झालं?”

“मुसफ्फाचा एक फोरमन आहे, मल्याळी. तो त्याच्या खोलीतल्या माणसाबद्दल सांगतोय.” तिनं कागद माझ्याकडे सरकवला. भाषा: मराठी.

मी म्हटलं, “वा! आहे कुणीतरी आपलं.” ती हसली नाही.

“ताई, माझं उत्तर पण या गठ्ठ्यात आहे. दुसऱ्या स्वयंसेवकानं मला थांबवलं होतं. मी इंग्रजी लिहायला सांगितलं.”

“मग? तू इंग्रजी उपासनेलाच जातेस की.”

“प्रश्न कोणत्या उपासनेला जाता असा नव्हता. प्रार्थना कोणत्या भाषेत करता, असा होता.” ती कागदाकडेच बघत होती. “माझी आजी मला रोज झोपताना प्रार्थना म्हणायला लावायची. अजून मी तीच म्हणते. तरी मला ते सुचलं सुद्धा नाही.”

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी मुसफ्फाला गेलो. माझ्याजवळ कागद नव्हता, पेन नव्हतं. नबीलसाहेबांच्या भिंतीबाहेर होते मी, आणि सर्व्हेसाठी आलेच नव्हते. रूथला तो माणूस भेटायचा होता आणि मला गाडी चालवता येत होती, इतकंच. कॅम्पात बायकांनी जाणं बरं दिसलं नसतं म्हणून फोरमननं एका कॅफेटेरियाबाहेरच्या खुर्च्यांवर भेट ठरवली. सुट्टीचा दिवस असूनही हवेत जळक्या लोखंडाचा आणि रंगाचा वास होता.

शांतवन साळवे हे त्याचं नाव. पंचेचाळिशीचा, काटकुळा, वेल्डिंगनं डोळे लालसर झालेले. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आम्हाला बघून हिंदीत सुरुवात केली, “नमस्ते मॅडम,” आणि रूथ म्हणाली, “बसा ना, दादा.”

तो बसला नाही. उभ्यानंच विचारलं, “मराठी का तुम्ही?”

“मी मिरजेची. या सुनंदाताई, पुण्याच्या.”

“मी राहुरीकडचा,” तो म्हणाला आणि मग एकदम खाली बसला. चहा आला. फोरमन थोडा लांब बसून आमच्याकडे बघत होता, आपल्या घरच्या माणसाला पाहुणे भेटायला आले असावेत तसा.

मग शांतवन बोलायला लागला तो थांबेना. गावात चर्च आहे, पंजोबांच्या वेळेपासूनचं. आई तिथे भजनं म्हणायची, पेटी वाजवायला कुणी नसेल तर नुसत्या टाळ्यांवर म्हणायची. बायको, मुलं गावीच. आई त्याच वर्षी गेली होती. यार्डात तेव्हा मोठं काम निघालं होतं, माल न्यायला जहाज थांबलं होतं, कुणालाच रजा मिळत नव्हती. त्याची रजा मंजूर होऊन कंपनीकडे ठेवलेला पासपोर्ट हातात यायच्या आत तिकडे सगळं उरकलं होतं. मग जाऊन तरी काय करायचं म्हणून तो गेलाच नाही.

“खोलीतली पोरं लई चांगली,” तो फोरमनकडे बघून म्हणाला. “आई गेली तवा समद्यांनी मिळून प्रार्थना केली. मला मधी बसवलं. मल्याळीत केली. मी डोळे मिटून ऐकली.” त्यानं चहाचा कागदी कप दोन्ही हातांनी दाबून धरला होता. “पर आईला मल्याळी कळत न्हाई, ताई.”

रूथनं मान खाली घातली. मी रस्त्याकडे बघत राहिले. एक रिकामी बस धूळ उडवत गेली.

रिपोर्ट कमिटीपुढे मांडायचा दिवस आला. अध्यक्ष होते जॉर्जसाहेब, एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर. व्यवस्थित माणूस. चर्चसाठी त्यांनी स्वतःचा वेळ दिला होता, झीजही सोसली होती, हॉलचे नकाशे त्यांनीच करून घेतले होते. मी तक्ते दाखवले, कोण कुठून येतं त्याचा नकाशा दाखवला, आणि हॉलच्या आधी मुसफ्फासाठी बस हवी असं सुचवलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

“व्हेरी गुड वर्क, मॅडम. पण हे मुसफ्फाचे लोक आमचे मेंबर नाहीत. त्यांनी नाव नोंदवलेलं नाही. आज आहेत, उद्या व्हिसा कॅन्सल होऊन जातील. हॉल आमच्या मुलांसाठी आहे, ती इथे आहेत. जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी आम्ही काय बांधायचं?”

प्रश्न रास्त होता. माझ्या विषयातही हा प्रश्न आहेच, की जो टिकून राहत नाही त्याला मोजायचं कसं. मी काही उत्तर द्यायच्या आत पास्टर म्हणाले, “मॅडम, मुसफ्फामें आप एक आदमी को मिली थी. उसके बारे में बताइए.”

रूथनं त्यांना सांगितलं असावं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी नाही म्हटलं.

हे बाहेरच्यांना समजायला थोडं कठीण आहे. आमच्या धंद्यात एक नियम आहे, लिहिलेला नसला तरी मोडायचा नाही असा. माणूस आपल्याला काही सांगतो तो आपण त्याला ओळखू येऊ देणार नाही या भरवशावर. त्याला बेरजेत ठेवायचं, बाहेर काढून दाखवायचं नाही. शांतवननं तर ते कुठल्या सर्व्हेतसुद्धा सांगितलं नव्हतं, चहा पिताना सांगितलं होतं. मी त्याच्या आईचं दुःख प्रोजेक्टरवर लावू शकत नव्हते. हॉल आणि बस यांच्यातला निर्णय त्यावर अडला असला तरी नाही.

“मला जे सांगता येतं ते या तक्त्यात आहे,” मी म्हटलं. माझाच आवाज मला कोरडा वाटला. पास्टरांच्या चेहऱ्यावर निराशा स्पष्ट दिसली. जॉर्जसाहेबांनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

तेव्हा मागे भिंतीजवळ बसलेली रूथ उभी राहिली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. स्वयंसेवक नुसते ऐकायला आले होते.

“सर, त्या माणसाबद्दल ताई बोलणार नाहीत. पण माझ्याबद्दल मी बोलू शकते,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी मेंबर आहे. माझं नाव नोंदवलेलं आहे. मी दर शुक्रवारी येते, क्वायरमध्ये गाते. आणि ज्या भाषेत मी देवाशी बोलते ती या कागदावर ‘इतर’मध्ये आहे. हे मला या सर्व्हेमुळे कळलं. मी आले, सर. पण पूर्ण आले नाही.”

जॉर्जसाहेबांनी गोळा केलेले कागद परत टेबलावर ठेवले.

“हाउ मेनी आर यू?” जॉर्जसाहेबांनी विचारलं. प्रश्नात तिरकेपणा नव्हता.

“माहीत नाही, सर. आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.”

जॉर्जसाहेबांनी हॉलच्या नकाशाची गुंडाळी केली आणि टेबलाखाली ठेवली. चर्चा नंतरही खूप झाली, आवाज चढले, मला सगळं सांगण्याची गरज नाही. पण त्या दिवशी उठताना ठरलं ते असं: हॉल थांबेल, रद्द होणार नाही. मुसफ्फासाठी शुक्रवारची एक बस प्रयोग म्हणून सुरू करायची. एक उपासना दुपारनंतर, ड्यूटी सुटल्यावर. आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांच्या वर्गखोल्या तेव्हा रिकाम्या असतात, त्या छोट्या भाषांच्या मंडळींना द्यायच्या. पहिल्या बसमध्ये मुसफ्फाहून शहरापर्यंत जॉर्जसाहेब स्वतः आले, हे मला नंतर पास्टरांनी सांगितलं. कुणाशी फारसं बोलले नाहीत म्हणे. नुसते उभ्यानं आले, कारण जागा उरली नव्हती.

पुढचं सगळं चांगलंच झालं असं नाही. खलिफा सिटीतल्या आणि तशा इतर घरांतल्या बायकांसाठी आम्हाला काहीही करता आलं नाही. बस पाठवता येते, सुट्टी पाठवता येत नाही. रिपोर्टमध्ये त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण मी लिहिलं होतं; माझ्या मते तेच सगळ्यात चांगलं उतरलं होतं, आणि त्याचा उपयोग शून्य झाला. करुणा पुन्हा कधी दिसली नाही. हॉल काही वर्षांनी बांधला, आधीच्या नकाशापेक्षा लहान. पास्टर निवृत्त होऊन केरळात गेले. रूथला आयर्लंडला नोकरी लागली. माझे आकडे तर दोनेक वर्षांतच शिळे झाले, कारण त्यातली निम्मी माणसं विमानात बसून गेली होती आणि त्यांच्या जागी दुसरी आली होती. साबणाचे आकडेही असेच शिळे व्हायचे, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

मात्र वरच्या मजल्यावर मराठी प्रार्थना झाली त्या पहिल्या शुक्रवारी मी हजर होते. रूथनं बोलावलं होतं. शांतवनच्या आईसाठी ती प्रार्थना ठेवली होती. माझी मुलगी ईशा घरी एकटी राहायला तयार नव्हती म्हणून तिलाही घेतलं. ती तिथेच वाढलेली, आठवी-नववीत असेल.

“बट आई, वुई आर नॉट ख्रिश्चन,” गाडीत ती म्हणाली.

“एका काकांची आई गेलीय. आपण भेटायला चाललोय.”

“व्हेन डिड शी डाय?”

“झाले काही महिने.”

“देन व्हाय नाऊ?”

मी म्हटलं, “आज बस आहे म्हणून.” तिला ते विचित्र वाटलं असणार.

खोलीत मुलांच्या बुटक्या खुर्च्या होत्या, भिंतीवर रंगीत चित्रं. माणसं फार नव्हती, पण रूथनं शोधून शोधून आणली होती. जालन्याचं एक जोडपं, शहरात अकाउंट्समध्ये असलेलं. सोलापूरचा एक ट्रेलर ड्रायव्हर, मुसफ्फाचे आणखी काही जण. मल्याळी फोरमनही आला होता आणि त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन गंभीरपणे बसला होता. शांतवन पुढे, हात मांडीवर ठेवून.

रूथनं प्रार्थना सुरू केली. मग तिला शास्त्रातला एक भाग वाचायचा होता. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि तिचा आवाज गेला. रोज आजाऱ्यांपुढे न हलणारा तो आवाज. तिनं दोनदा प्रयत्न केला. मग पुस्तक माझ्याकडे धरलं आणि मान हलवली.

मी घुटमळले. तो माझा धर्म नव्हता हे एक. दुसरं असं की इतकी वर्षं लोकांच्या आयुष्याकडे मी टेबलाच्या या बाजूनं बघत आले होते, आणि ती बाजू सोडायची नाही हेच माझं शिक्षण होतं. पण खोलीत सगळे थांबले होते. वाचणारं दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. मी पुस्तक घेतलं. जुन्या वळणाची, भारदस्त मराठी होती ती. लहानपणी शाळेत उभं राहून धडा वाचायचे तशी मी सावकाश, स्पष्ट वाचत गेले. संपल्यावर सगळे म्हणाले, “आमेन.” मला वाटतं, मीही म्हटलं.

मग शांतवननं न सांगता भजन धरलं. त्याचा आवाज गाणाऱ्याचा नव्हता, यार्डातल्या आवाजावर ओरडून घसा बसलेल्या माणसाचा होता. पेटी नव्हती. सोलापूरच्या ड्रायव्हरनं टाळ्या धरल्या, जालन्याच्या बाईंनी ध्रुवपद उचललं, आणि दुसऱ्या कडव्याला रूथही गायला लागली. शेवटी फोरमनसुद्धा टाळ्या वाजवत होता. शांतवन डोळे मिटून गात होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

संपल्यावर माणसं एकेक करून त्याच्याजवळ गेली. हात हातात घेऊन कुठले, कोणत्या गावचे, आईचं नाव काय, असं विचारत राहिली. “सगुणाबाई,” तो सांगायचा. पुढचा माणूस पुन्हा विचारायचा. “सगुणाबाई.” ईशा माझ्याजवळून उठली आणि तीही जाऊन उभी राहिली. तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. शांतवननं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

खालून बसवाला पठाण ओरडायला लागला, “यल्ला, यल्ला!” कॅम्पवाले लगबगीनं जिन्याकडे निघाले. शांतवन दारापर्यंत गेला आणि परत फिरून माझ्यापाशी आला.

“ताई,” तो म्हणाला, “आज आईच्या मातीला माणसं आली.”

आणि तो जिना उतरून गेला.